१० किलोमीटरच्या टायमिंगवरून मॅरेथॉनचं टायमिंग काढताय? मग हे वाचा

१० किलोमीटर ५० मिनिटांत होतात, तर मॅरेथॉन किती वेळात होईल? सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर पळणाऱ्यांमध्ये हा प्रश्न निघतोच, आणि मॅरेथॉन ४२.२ किलोमीटरची म्हणून बरेच जण सरळ ४.२ ने गुणून साडेतीन तास सांगून मोकळे होतात. पण अंतर वाढलं की वेग पडतोच, तो किती पडतो हाच खरा मुद्दा आहे.

पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये यासाठी एक फॉर्म्युला दिला, आजचे बरेच ऑनलाइन कॅल्क्युलेटर तोच वापरतात. नवीन अंतराला जुन्या अंतराने भागायचं, उत्तराचा १.०६ वा घात काढायचा आणि त्याने जुन्या टायमिंगला गुणायचं. म्हणजे अंतर दुप्पट झालं की वेळ २.०८५ पट. आपल्या ५० मिनिटवाल्याची हाफ मॅरेथॉन येते १ तास ५० मिनिटं, फुल ३ तास ५०.

हाफपर्यंत हे छान जुळतं. फुलचं मात्र सांभाळून घ्या. २०१६ मध्ये दोन हजारांवर हौशी रनर्सचा डेटा तपासला तेव्हा निम्म्या लोकांना फॉर्म्युल्याने मॅरेथॉनचा वेळ किमान १० मिनिटं कमी सांगितला होता. कारण १.०६ हा आकडा रेकॉर्डवाल्या खेळाडूंवरून आलाय, त्यांचं आठवड्याचं मायलेज कुठे आणि ऑफिस सांभाळून पळणाऱ्यांचं कुठे! शिवाय स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण तिशीच्या किलोमीटरला संपत येतो, १० किलोमीटरमध्ये तो प्रश्नच येत नाही.

आणि हे सगळं सारख्या हवेत, सारख्या रस्त्यावर धरलेलं असतं. जानेवारीच्या थंडीत सपाट रस्त्यावर काढलेलं टायमिंग मार्चमध्ये सेमिनरी हिल्सच्या चढावर लावू नका, उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे जातं, पायांच्या वाट्याला कमी येतं.

त्यापेक्षा आपला स्वतःचा घात काढा ना भाऊ. समजा ५० मिनिटवाल्याची हाफ प्रत्यक्षात १:५५ ला झाली, तर त्याचा घात १.०६ नाही, जवळपास १.१२ आहे, आणि त्या हिशोबाने फुल येते ४:०९. ३:५० धरून निघाला तर पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ५:२७ मिनिटं, ४:०९ ला ५:५४, म्हणजे दर किलोमीटरला २७ सेकंद जास्त जोरात पळतोय तो, आणि पहिल्या २० किलोमीटरमध्ये ते जाणवतसुद्धा नाही.