वळणासाठी घडलेला इंडिकेटर लेनपर्यंत कसा पोहोचला

महामार्गावर इंडिकेटर न देता लेन बदलणाऱ्याला आपण बेफिकीर म्हणतो, आणि बहुतेक वेळा तो असतोच. पण अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, १२,००० वाहनांच्या एका पाहणीतले आकडे पाहिले की प्रश्न थोडा वेगळा दिसू लागतो. वळताना साधारण चारांतल्या एका चालकाची इंडिकेटरच्या बाबतीत चूक झाली. लेन बदलताना मात्र ४८ टक्के चालकांनी एक तर तो दिलाच नाही, किंवा दिला आणि नंतर बंद केला नाही. गाडी तीच, इंडिकेटरची दांडी तीच आणि माणसेही तीच. मग चुकांचे प्रमाण दुप्पट का? याचे बरेचसे उत्तर इंडिकेटरच्या जन्मकथेत सापडते. तो कोपऱ्यावर वळण्यासाठी घडवला गेला. लेनशी त्याची गाठ पुष्कळ नंतर पडली.

सुरुवात हातापासून झाली. उघड्या मोटारीत बसलेला चालक हात बाहेर काढून दिशा दाखवायचा, घोडागाडीवाला चाबकाने खूण करायचा. ब्रिटनमध्ये १९३१ साली ‘हायवे कोड’ पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा मोटारवाल्याच्या हातांच्या खुणांबरोबर चाबकाच्या खुणाही त्यात होत्या. पण तोवर मोटारींना छत आणि काचा आल्या होत्या. पावसात काच खाली करून हात बाहेर काढणे नकोसे व्हायचे आणि रात्री तो हात कोणाला दिसतही नसे. हाताऐवजी यंत्र हवे, हे बऱ्याच जणांच्या मनात आले. मूकपटांतली अभिनेत्री फ्लोरेन्स लॉरेन्स हिने १९१४च्या सुमारास बटण दाबताच गाडीच्या मागच्या बाजूला वर उठणारा दिशादर्शक हात तयार केला. तिने त्याचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे या इतिहासात तिचे नाव फार उशिरा आले. ही गोष्ट मला आजही खटकते.

युरोपात या कल्पनेने चांगले मूळ धरले. दोन दारांमधल्या खांबातून बाहेर येणारा, आत दिवा असलेला छोटा हात तिथे रूढ झाला. इंग्रज त्याला ‘ट्रॅफिकेटर’ म्हणत. जर्मनीत बॉश कंपनीने १९२८ साली आपला ‘विंकर’ बाजारात आणला आणि पुढची तीस वर्षे असे हात गाड्यांवर दिसत राहिले. फोक्सवॅगन बीटलवर युरोपात ते १९६०पर्यंत होते. थंडीत ते अडकून बसत. त्याहून मोठी अडचण म्हणजे हा हात गाडीच्या बाजूला असे. चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला किंवा समोरून येणाऱ्याला तो छान दिसे, पण दोन लेन पलीकडून वेगाने येणाऱ्याच्या नजरेत तो चटकन भरत नसे. तशा रस्त्यांचा विचारच तेव्हा झालेला नव्हता.

लुकलुकणारा दिवा हे पुढचे पाऊल. ब्युइक या अमेरिकी मोटार कंपनीने १९३९च्या मॉडेलांवर गाडीच्या मागे लुकलुकणारे दिशादर्शक दिवे दिले. १९४०पासून ते गाडीच्या पुढच्या बाजूलाही आले, आणि वळण संपले की आपोआप बंद होण्याची सोयही मिळाली. लुकलुकण्यामागचे कारण साधे आहे. डोळ्याच्या कडेला बारीक तपशील दिसत नाही, पण बदल चटकन जाणवतो. स्थिर दिवा शेजारच्या दिव्यांत मिसळून जातो, लुकलुकणारा लक्ष वेधून घेतो. हा वेग आंतरराष्ट्रीय नियमांनी मिनिटाला ६० ते १२० वेळा असा ठरवला आहे. जुन्या गाड्यांत दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकायची, थंड होऊन सरळ व्हायची आणि दिवा चालू-बंद करायची. आत ऐकू येणारी टकटक तिचीच. आता ते काम इलेक्ट्रॉनिक्स करते, तरीही टकटक मुद्दाम ऐकवली जाते, कारण दिवा चालू असल्याची ती चालकासाठी आठवण आहे.

आपोआप बंद होण्याच्या त्या सोयीकडे नीट पाहायला हवे, कारण लेनचा घोळ तिथेच सुरू झाला. स्टिअरिंग वळवून पुन्हा सरळ केले की त्याच्या दांड्यावरचा उंचवटा इंडिकेटरच्या दांडीला मागे ढकलतो आणि टकटक थांबते. चौकात हे अगदी चोख चालते, कारण तिथे स्टिअरिंग बरेच फिरवावे लागते. महामार्गावर लेन बदलताना मात्र ते जेमतेम काही अंश हलते. तेवढ्याने तो उंचवटा दांडीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे इंडिकेटर दिला तर तो आठवणीने हाताने बंद करावा लागतो. बंद करायचा राहिला, तर मैलभर खोटी सूचना देत गाडी धावत राहते. पाहणीतल्या ४८ टक्क्यांत हेही चालक धरले आहेत.

मोटारींसाठीचे रस्ते दरम्यान आपल्या गतीने बदलत होते. १९११ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या वेन काउंटीत एडवर्ड हाइन्स यांनी रस्त्याच्या मध्ये रेघ आखून घेतली. दुधाच्या गाडीतून सांडलेल्या दुधाची रेघ पाहून त्यांना हे सुचले, असे सांगतात. केवळ मोटारींसाठी बांधलेला इटलीतला मिलान–वारेसे मार्ग १९२४ साली खुला झाला, जर्मनीतला कोलोन–बॉन १९३२ साली. इंग्लंडमधला एम-वन हा मोटारवे, म्हणजे तिथला असाच महामार्ग, १९५९ साली सुरू झाला तो प्रत्येक दिशेला तीन लेन आणि वेगमर्यादा नाही, असा. ताशी ७० मैलांची मर्यादा १९६५च्या डिसेंबरात आली. तिथे पहिल्या दिवशी उतरलेल्या चालकांपैकी बहुतेकांनी एकाच दिशेने शेजारी-शेजारी धावणाऱ्या तीन रांगा कधी पाहिल्याही नव्हत्या. आणि एक गोष्ट वाचून मी थक्क झालो. ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकाला मोटारवेवर जायला २०१८पर्यंत बंदी होती. म्हणजे सुमारे साठ वर्षे तिथल्या लोकांनी या रस्त्यांवर एकदाही लेन न बदलता परवाना मिळवला, आणि मग एकट्याने ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने ते शिकून घेतले.

चौकात इंडिकेटर द्यायचा राहिला, तरी वेग उतरतो, ब्रेकचे दिवे लागतात, गाडी कडेला सरकते, समोर रस्ता फुटलेला दिसतो. मागच्याला अंदाज येतो. लेन बदलताना यातले काहीच नसते. गाडी ब्रेक लावत नाही, उलट बऱ्याचदा वेग वाढवते. कुठल्याही क्षणी, कुठल्याही ठिकाणी ती बाजूला येऊ शकते. तिच्या मनातले ओळखायला तो एक दिवाच असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. आरशात दिसणारा मोटारसायकलवाला डोळ्यांची उघडझाप होईतो आरशाबाहेरच्या आंधळ्या पट्ट्यात शिरलेला असतो. तुम्हाला तो दिसत नसतो, पण तुमचा दिवा त्याला दिसतो.

कायद्यांनी ही गरज हळूहळू ओळखली. १९६८च्या व्हिएन्ना वाहतूक करारात वळण्याबरोबर बाजूला सरकण्याचाही उल्लेख आहे. इशारा आधी द्यावा, हालचाल पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावा आणि संपताच थांबवावा, असे तो करार सांगतो. ‘आधी’ म्हणजे किती, हे देशोदेशी वेगळे. जपानच्या नियमात वळण्यासाठी ३० मीटर आधी आणि लेन बदलण्यासाठी ३ सेकंद आधी असे आहे. एकाचे माप अंतरात, दुसऱ्याचे वेळेत. मला हा फरक फार समंजस वाटतो, कारण लेन बदलताना ज्यापासून अंतर मोजायचे तो कोपराच नसतो. कॅलिफोर्नियाची चालक-पुस्तिका फ्रीवेवर ५ सेकंद सांगते. जर्मन नियम आकडा देत नाही, ‘वेळेवर आणि स्पष्ट’ एवढेच म्हणतो.

गाड्या बनवणाऱ्यांनीही पुढे उपाय शोधला. दांडी पूर्ण न ढकलता अर्धवट दाबून धरली की तेवढा वेळच दिवा लुकलुकतो, ही झाली पहिली सोय. नंतर एका टिचकीत तीनदा लुकलुकून आपोआप थांबणारी व्यवस्था आली. बंद करायला विसरण्याचा प्रश्न तिने सोडवला, पण नवा निर्माण केला. मिनिटाला ९० या वेगाने तीन वेळा लुकलुकायला फक्त २ सेकंद लागतात. त्यात पुष्कळ जण पहिल्या लुकलुकीबरोबरच गाडी सरकवतात. मग मागच्याला इशारा मिळतो तेव्हा लेन अर्धी ओलांडलेली असते. इशारा ही खरे तर पुढच्या क्षणाची बातमी. इथे ती घडून गेलेल्या गोष्टीची बातमी होते. सोय वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण तीन लुकलुकी हे गाडीत बसवलेले किमान माप आहे आणि आपण त्यालाच पुरेसे मानून बसलो.

रंगाचा मुद्दाही थोडक्यात सांगतो. युरोपात मागचा इंडिकेटर पिवळसर नारिंगीच लागतो, अमेरिकेत लालही चालतो. वळणाऱ्या, लेन बदलणाऱ्या किंवा वाहतुकीत शिरणाऱ्या गाडीला मागून बसणाऱ्या धडका नारिंगी इंडिकेटरमुळे ५.३ टक्के कमी होतात, असे अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या विश्लेषणात आढळले.

आता चालकाने दांडी ढकलली की स्वतःच लेन बदलणाऱ्या गाड्या आल्या आहेत. शेजाऱ्याला सांगण्यासाठी केलेली दांडी आता स्वतःच्या गाडीला हुकूम देते. त्यांच्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमात मात्र एक अट आहे. दांडी ढकलल्यापासून ३ सेकंद होईपर्यंत या गाडीला लेन ओलांडण्याची हालचाल सुरू करता येत नाही. शंभराच्या वेगाने तेवढ्यात ती ८३ मीटर पुढे गेलेली असते, आपल्याच लेनमध्ये, दिवा लुकलुकत.