जिन्यातला होगार्थ

लंडनच्या स्मिथफील्ड भागात सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय आहे. लोक त्याला नुसते 'बार्ट्स' म्हणतात. त्याच्या उत्तरेकडच्या जुन्या इमारतीचा जिना चढताना दोन प्रचंड चित्रे समोर येतात. एकात येशू बेथेस्दा तळ्याकाठी एका लुळ्या माणसाला उभा करतो आहे, दुसऱ्यात येशूच्या दृष्टान्तातला चांगला शोमरोनी, परक्याच्या मदतीला धावलेला, जखमी वाटसरूच्या जखमेत तेल ओततो आहे. माणसे सात सात फूट उंच. ही चित्रे अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने काढली आणि एक पैही न घेता रुग्णालयाला दिली. तेव्हा तो ओळखला जात होता तो छोट्या आकाराची व्यक्तिचित्रे, कुटुंबांची गटचित्रे आणि छापील चित्रमालिका यांसाठी. एवढ्या मोठ्या कामाला त्याने आधी कधी हात घातलेला नव्हता.

बार्ट्सची स्थापना ११२३ सालची, राहेर नावाच्या धर्मगुरूने केलेली. सोळाव्या शतकात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने मठ मोडले तेव्हा रुग्णालयाचे उत्पन्नही गेले, पण मरणापूर्वी त्यानेच ते पुन्हा उभे केले. अठराव्या शतकात जेम्स गिब्ज या वास्तुकाराने चौकाभोवती चार इमारती असा नवा आराखडा केला आणि उत्तरेची इमारत सर्वांत आधी, १७३२ च्या सुमारास, उभी राहिली. तिच्यात रोग्यांच्या खाटा नव्हत्या. तिथे होता ग्रेट हॉल, म्हणजे विश्वस्तांच्या सभेचा आणि जेवणावळींचा दिवाणखाना. त्याच्या भिंतींवर देणगीदारांची नावे रंगवलेली आहेत. आपल्याकडे धर्मशाळेच्या किंवा देवळाच्या फरशीवर नावे कोरतात, त्यातलाच हा प्रकार. या हॉलकडे नेणाऱ्या जिन्याच्या भिंती कोऱ्या होत्या, आणि त्या रंगवण्यासाठी विश्वस्तांच्या मनात याकोपो अमिगोनी हा व्हेनिसचा चित्रकार होता.

ही बातमी होगार्थला झोंबली, आणि त्याला कारणे होती. त्याचा जन्म १६९७ साली बार्थोलोम्यू क्लोजमधला, रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर. वडील लॅटिनचे शिक्षक. कॉफीगृहाचा उद्योग बुडाला आणि ते कर्जापायी फ्लीट तुरुंगात गेले, तेव्हा विल्यम शाळकरी वयाचा होता. चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारी करून तो वर आला. पुढे त्याने सर जेम्स थॉर्नहिलच्या मुलीशी, जेनशी, सासऱ्याला न विचारता लग्न केले. थॉर्नहिल म्हणजे लंडनच्या सेंट पॉल्स या मोठ्या चर्चचा घुमट आतून रंगवणारा, भव्य ऐतिहासिक चित्रांत नाव कमावलेला इंग्रज. ग्रिनिच इथल्या खलाशांच्या आश्रयगृहाचा, म्हणजे तिथल्या 'हॉस्पिटल'चा दिवाणखानाही त्यानेच रंगवला. त्याचा दर होता छताला चौरस यार्डामागे ३ पौंड आणि भिंतींना १ पौंड. एकोणीस वर्षे काम चालले आणि एकूण ६,६८५ पौंड मिळाले. हा सासरा १७३४ मध्ये वारला. त्याच वर्षी जावयाने बार्ट्सच्या विश्वस्तांना कळवले, की जिना मी रंगवतो, मोबदला नको.

सासऱ्याने यार्डाच्या हिशेबाने केलेले काम जावई फुकट करायला निघाला, ते केवळ दानधर्म म्हणून नव्हे, असे मला वाटते. त्या काळी लंडनमध्ये चित्रे लोकांसमोर मांडायला जागाच नव्हती. प्रदर्शने भरत नव्हती, चित्रकारांची रॉयल अ‍ॅकॅडमी ही संस्था अजून तीसहून अधिक वर्षे दूर होती, आणि प्रॉटेस्टंट चर्चला चित्रांचे वावडे होते. राजवाडे आणि सरदारांचे वाडे बहुतेक परदेशी चित्रकारांच्या हाती. इंग्रज चित्रकाराच्या वाट्याला उरत असे ते लोकांचे चेहरे काढणे. अशा वेळी धर्मादाय संस्थेची भिंत म्हणजे शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींची रोजची नजर. विश्वस्तांनी होगार्थला आपल्यात सामील करून घेतले. बेथेस्दाचे चित्र त्याने आपल्या चित्रशाळेत कापडावर रंगवले आणि १७३६ च्या एप्रिलमध्ये ते जिन्यात बसवले. शोमरोनीचे चित्र त्याने परांचीवर चढून जागेवरच केले, ते १७३७ मध्ये पुरे झाले. पार्श्वभूमीचा निसर्ग त्याचा मित्र जॉर्ज लॅम्बर्टच्या हातचा मानतात.

बेथेस्दाची गोष्ट योहानच्या शुभवर्तमानातली. देवदूत पाणी ढवळतो, त्यानंतर जो पहिला उतरेल तो बरा होतो, आणि अडतीस वर्षे आजारी असलेल्या एकाला पाण्यात उतरवणारे कोणीच नाही. होगार्थने येशूला मधोमध उभे केले ते इटालियन परंपरेला धरून, पण भोवतीचे रोगी लंडनचे आहेत. मुडदूस झालेले मूल आहे, हाता-सांध्यांनी जखडलेली माणसे आहेत, एक देह सुजलेला तर दुसरा झिजलेला. हे चेहरे रुग्णालयातल्या खऱ्या रोग्यांवरून घेतले असे परंपरेने सांगतात, आणि डॉक्टर मंडळी आजही या जिन्यात उभी राहून त्यांचे निदान करत असतात. उजवीकडे एक श्रीमंत, विवस्त्र स्त्री आहे. तिला आधी पाण्यात उतरता यावे म्हणून तिचा नोकर एका गरिबाला मागे लोटतो आहे. फुकट उपचाराच्या दारातही पैसेवाला पुढे घुसतो, हे होगार्थने विश्वस्तांच्याच जिन्यात रंगवून ठेवले. शोमरोनीच्या चित्रात एक कुत्रा स्वतःची जखम चाटत बसला आहे. मला हा तपशील त्या सगळ्या भव्य हातवाऱ्यांपेक्षा जवळचा वाटतो. चित्रांखाली तपकिरी रंगछटांतले छोटे पट्टे आहेत, त्यांत राहेरची स्थापनेची कथा आहे.

या चित्रांसमोरून रोगी जात नसत, जात ते देणारे. आज रुग्णालयात लावलेल्या चित्राकडून रोग्याला बरे वाटावे अशी अपेक्षा असते. बार्ट्सच्या जिन्याचे काम वेगळे होते. सभेला निघालेल्या माणसाला आपण कोणासाठी देतो आहोत हे वाटेतच दिसावे, हे त्याचे काम. म्हणून मला तिथले रोगाचे उघडेवाघडे चित्रण धाडसाचे वाटते. पुढे ग्रेट हॉलमध्ये शस्त्रवैद्यांची व्यक्तिचित्रेही आली. त्यांत सर जोशुआ रेनॉल्ड्सने काढलेले पर्सिव्हल पॉटचे आहे.

होगार्थला हवे होते ते मात्र मिळाले नाही. या कामावरून भव्य चित्रांची मागणी येईल असे त्याला वाटले होते, ती आली नाही. आपल्याला व्यक्तिचित्रांचा कारखानदार व्हायचे नव्हते, असे त्याने नंतर लिहून ठेवले. पण त्याच्या हातून सर्वोत्तम काम झाले ते एका व्यक्तिचित्रातच, आणि तेही एका हॉस्पिटलसाठी.

'हॉस्पिटल' हा शब्द तेव्हा आश्रयस्थानालाही लावत. फाउंडलिंग हॉस्पिटल हे टाकलेल्या तान्ह्या मुलांचे घर होते. थॉमस कोरम हा दर्यावर्दी रस्त्याकडेला टाकलेली मुले पाहून अस्वस्थ झाला आणि सतरा वर्षे लोकांच्या दारात खेटे घालत राहिला. पुरुष दाद देईनात तेव्हा त्याने बड्या घरच्या २१ स्त्रियांच्या सह्या मिळवल्या. १७ ऑक्टोबर १७३९ रोजी राजाची सनद निघाली. होगार्थ पहिल्या विश्वस्तांपैकी एक होता, आणि १७४० मध्ये त्याने कोरमचे पूर्णाकृती चित्र काढून संस्थेला दिले.

मागे खांब, पडदा, पायऱ्या, असा सगळा थाट राजेरजवाड्यांच्या चित्रांचा आहे. मधे खुर्चीत बसलेला कोरम मात्र साधा खलाशी. डोक्यावर केसांचा टोप नाही, स्वतःचे पांढरे केस मोकळे. लाल कोट, रापलेला चेहरा, हातात सनदेची मोहोर. माणूस ठेंगणा, त्यामुळे पाय जमिनीला जेमतेम टेकतात. पायाशी पृथ्वीचा गोल, मागे समुद्रावर जहाजे. जन्माने कोणी नसलेल्या माणसाला राजाच्या आकारात रंगवायचे आणि त्याच्या देहातले काहीही झाकायचे नाही, हा विचार इंग्लिश व्यक्तिचित्रणात नवा होता. सर्वांत आनंदाने काढलेले आणि सरस उतरावे अशी ओढ लागलेले आपले व्यक्तिचित्र हेच, असे होगार्थने स्वतः म्हटले आहे.

२५ मार्च १७४१ रोजी संस्थेने पहिली तीस मुले घेतली. होगार्थ दांपत्याला मूल नव्हते. फाउंडलिंगची काही मुले त्यांच्या चिझिकच्या घरी राहिली.

कोरमच्या चित्रामागोमाग इतर चित्रकारही देणगी म्हणून चित्रे देऊ लागले. अ‍ॅलन रॅमसेने नामवंत वैद्य डॉ. रिचर्ड मीडचे पूर्णाकृती चित्र दिले. १७४७ पर्यंत कोर्ट रूममध्ये, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांच्या सभेच्या खोलीत, हेमन, हायमोर, विल्स आणि होगार्थ यांची मुलांविषयीच्या बायबलकथांची चार मोठी चित्रे लागली. त्यांच्यामध्ये लंडनच्या आश्रयगृहांची व रुग्णालयांची आठ गोल चित्रे होती. त्यातले चार्टरहाउस या आश्रयगृहाचे काढणारा, पुढे नामवंत झालेला टॉमस गेन्सबरो तेव्हा अगदी तरुण पोर होता. लोक संस्था बघायला येत आणि चित्रे बघून जात. चित्रकार दर ५ नोव्हेंबरला इथे जेवायला जमत. या मंडळींतूनच सर्वांसाठी खुल्या प्रदर्शनाची कल्पना निघाली आणि १७६० मध्ये ते भरले. रॉयल अ‍ॅकॅडमीची स्थापना १७६८ ची. होगार्थ ती पाहायला उरला नाही. तो १७६४ मध्ये वारला.

फाउंडलिंग हॉस्पिटल १९२६ मध्ये लंडनबाहेर गेले आणि इमारत पाडली गेली. कोर्ट रूमचे नक्षीकाम मात्र काढून ठेवले होते. ब्रन्सविक स्क्वेअरमधल्या संग्रहालयात ती खोली पुन्हा उभारली आहे, आणि कोरमचे चित्रही तिथेच आहे. बार्ट्सला २०२३ मध्ये नऊशे वर्षे झाली. जिन्यातली दोन्ही चित्रे जागची हललेली नाहीत, आणि आवारात रोज हृदयाचे आणि कर्करोगाचे रोगी उपचाराला येतात.