हिवाळी ऑलिंपिकला भारतातर्फे जायचं तर: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात तिरंग्यामागे चालणारी एक-दोन माणसं टीव्हीवर दिसली की प्रश्न ठरलेला असतो: ‘एवढीच माणसं? मग आपल्या पोरीचा अर्ज भरून टाकूया की! फॉर्म कुठे मिळतो?’

फॉर्म खेळाडूला मिळतच नाही. ऑलिंपिक सनदेच्या 44 व्या नियमाप्रमाणे प्रवेशिका पाठवायचा अधिकार फक्त देशाच्या ऑलिंपिक समितीला आहे. आपल्याकडे ती भारतीय ऑलिंपिक संघटना, म्हणजे आयओए. त्याच नियमात असंही स्पष्ट म्हटलंय की ऑलिंपिकमध्ये भाग घेणं हा कुणाचाही हक्क नाही. त्यामुळे ‘मी पात्र ठरलो, आता मला पाठवाच’ हे वाक्य कायद्याच्या भाषेत अर्धवट राहतं. खेळाडूने करायचं ते हे: योग्य दारातून आत शिरायचं, आंतरराष्ट्रीय शर्यतींत गुण कमवायचे आणि कागद इतके चोख ठेवायचे की नाव पुढे पाठवताना कुणाला बोट ठेवायला जागा उरू नये. या कामाला चार-पाच वर्षं सहज लागतात.

दार कोणतं

प्रत्येक खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना वेगळी आणि तिची भारतातली सदस्य संघटनाही वेगळी. स्कीइंग आणि स्नोबोर्ड जागतिक पातळीवर एफआयएस या आंतरराष्ट्रीय स्की संघटनेकडे आहेत, भारतात स्की अँड स्नोबोर्ड इंडियाकडे. फिगर, स्पीड आणि शॉर्ट ट्रॅक स्केटिंग आयएसयू या आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेकडे, भारतात आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडे. ल्यूजची, म्हणजे बर्फाच्या मार्गावरून पाठीवर झोपून घसरगाडी हाकण्याच्या खेळाची, संघटना आणखी तिसरी. आइस हॉकीत संपूर्ण संघ पात्र ठरावा लागतो, एकट्याला तिथे वाटच नाही.

महाराष्ट्रातल्या पालकांची गफलत होते ती स्केटिंगमध्ये. पुण्या-मुंबईत मुलं चाकाच्या स्केट्सवर वाढतात, त्यातली काही पुढे बर्फावर जातात आणि खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत लेहच्या रिंकवर पदकंही मिळवतात. पण रोलर स्केटिंगची राष्ट्रीय संघटना वेगळी आणि बर्फावरच्या स्केटिंगची वेगळी. रोलरची वीस प्रमाणपत्रं फाईलमध्ये लावली तरी आइस स्केटिंगच्या नोंदणीत त्यांचं वजन शून्य. बर्फावरची नोंदणी पहिल्यापासून करावी लागते आणि सरावाला गुरुग्राम, डेहराडून नाहीतर थेट परदेश गाठावा लागतो.

नागरिकत्व आणि वय

सनदेचा 41 वा नियम सांगतो की खेळाडू ज्या देशातर्फे उतरतो त्या देशाचा तो नागरिक असला पाहिजे. न्यू जर्सी किंवा टोरंटोला राहणाऱ्या मराठी घरांत आशा फुटते ती इथेच आणि मोडतेही इथेच. तिकडे गल्लोगल्ली रिंक आहेत, मुलगी सहाव्या वर्षापासून स्केटिंग करते आणि हातात ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारतीय पासपोर्ट हवा, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अमेरिकेत वाढलेल्या फिगर स्केटर तारा प्रसादने भारतीय नागरिकत्व घेतलं, मगच ती भारताच्या नावावर उतरली. 1955 च्या नागरिकत्व कायद्यात ओसीआयधारकाला नोंदणीने नागरिक होण्याची वाट आहे: सज्ञान असणं, पाच वर्षं ओसीआय नोंदणी आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य. ते बारा महिने स्केटिंग कुठे करायचं, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही.

आधी दुसऱ्या देशातर्फे खेळलेल्याला देश बदलल्यावर साधारणपणे तीन वर्षं थांबावं लागतं. दोन्ही देशांच्या समित्या आणि खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना राजी असतील तर हा काळ कमी होऊ शकतो.

वयाची अट खेळागणिक निराळी. शिवा केशवन 1998 साली नागानोला ल्यूजमध्ये उतरला तेव्हा 16 वर्षांचा होता. फिगर स्केटिंगमध्ये आता तसं चालणार नाही. आयएसयूने 2022 साली ठराव करून वरिष्ठ गटाचं किमान वय टप्प्याटप्प्याने 15 वरून 17 वर नेलं. जन्मतारखेचा पुरावा म्हणून पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि पासपोर्ट दोन्ही ठेवा, आणि दोन्हींतली तारीख एकच आहे ना, ते आजच पाहून घ्या.

गुण कमी तितके चांगले

परीक्षेच्या गुणांची सवय असलेल्या आपल्या डोक्याला एफआयएसचं गणित उलटं वाटतं. इथे शून्य म्हणजे सर्वोत्तम. शर्यतीत विजेत्यापेक्षा तुम्ही किती टक्के हळू होता, त्याला एका ठरावीक आकड्याने गुणतात. स्लॅलममध्ये, म्हणजे उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या फाटकांतून (गेट) वळणं घेत खाली येण्याच्या शर्यतीत, 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या पात्रता काळात हा आकडा 730 होता. समजा विजेत्याच्या दोन फेऱ्यांची एकूण वेळ 100 सेकंद आणि तुमची 112. तुम्ही 12 टक्के हळू. 730 ला 0.12 ने गुणलं की 87.6. त्यात त्या शर्यतीचा ‘पेनल्टी’ मिळवायचा. शर्यतीत किती तगडे स्कीअर होते यावर तो ठरतो. समजा तो 40 निघाला, तर तुमचे गुण 127.6. हेच तुम्ही 120 सेकंद घेतले असते तर 146 अधिक 40, म्हणजे 186.

हा फरक महत्त्वाचा, कारण 2022 च्या बीजिंग खेळांसाठी अल्पाइन स्कीइंगमध्ये (उतारावरच्या शर्यतींत) छोट्या देशांची रेषा 160 वर होती. मोठ्या देशांचे स्कीअर 80 च्या आत असतात. ज्या देशाकडे तसं कुणी नाही त्याला मूलभूत कोट्यातून एक पुरुष आणि एक महिला स्लॅलम किंवा जायंट स्लॅलममध्ये (त्यात फाटकं जास्त अंतरावर असतात) पाठवता येत होती, पण त्यांची पाच निकालांची सरासरी 160 च्या आत हवी. त्याआधी 2018 साली प्योंगचांगला हीच रेषा 140 होती. क्रॉस-कंट्रीत (बर्फावरून स्कीने लांब अंतर कापण्याच्या प्रकारात) बीजिंगसाठी लांब अंतराच्या शर्यतींतले 300 गुण ही मर्यादा होती. प्रत्येक ऑलिंपिकला आकडे बदलतात, त्यामुळे मागच्या खेळांचा कागद पाहून तयारी करू नका. एफआयएस प्रत्येक खेळांआधी नवी पात्रता नियमावली काढते, तीच वाचा.

पाच निकाल म्हणजे पाच वेळा खाली पोचणं. स्लॅलममध्ये एक गेट चुकलं की निकाल नाही, गुण नाहीत, आणि हॉटेलचं बिल मात्र तेवढंच. म्हणून अनुभवी मंडळी शर्यती निवडून खेळतात. गुलमर्गजवळचा स्कीअर आरिफ खान याने 2021 च्या अखेरीस स्लॅलमचे गुण कुठे मिळवले? दुबईत, मॉलमधल्या बंदिस्त उतारावर. जायंट स्लॅलमचे माँटेनेग्रोत. एकाच हिवाळी ऑलिंपिकच्या दोन प्रकारांत थेट पात्र ठरलेला तो पहिला भारतीय, आणि बीजिंगला भारताचा एकमेव खेळाडू. तिथे जायंट स्लॅलममध्ये तो 45 वा आला; स्लॅलममध्ये गेट चुकलं.

या शर्यतींत नाव घालायला एफआयएसचा परवाना क्रमांक लागतो आणि तो राष्ट्रीय संघटनेमार्फतच मिळतो. त्यासाठी खेळाडूचं सहीचं घोषणापत्र, अल्पवयीन असेल तर पालकांचीही सही, पासपोर्टची प्रत आणि अपघात विमा हवा. विम्याच्या बाबतीत बारीक अक्षरं वाचाच. साध्या प्रवास विम्यात स्पर्धात्मक खेळ बहुधा वगळलेले असतात. पाय मोडल्यावर ते कळलं तर उपयोग नाही.

जागा देशाची

मूलभूत कोट्याची जागा देशाला मिळते. एकाच देशाच्या तिघांनी रेषा ओलांडली तरी जागा एकच, आणि त्या तिघांतून कोण जाणार हे राष्ट्रीय संघटना आणि आयओए ठरवतात. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी निवडीचे निकष लेखी मागा: सरासरी पाहणार की सर्वोत्तम निकाल, कोणत्या तारखेची गुणयादी धरणार, राष्ट्रीय स्पर्धेला हजेरी सक्तीची आहे का. तोंडी आश्वासन वादाच्या वेळी कामाला येत नाही.

संघटनेचं काही बिनसलं तर त्याचा फटका खेळाडूला बसतो, हे 2014 च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये दिसलं. डिसेंबर 2012 पासून आयओए निलंबित होती. त्यामुळे केशवन ल्यूजमध्ये ऑलिंपिकच्या झेंड्याखाली, स्वतंत्र खेळाडू म्हणून उतरला. 11 फेब्रुवारीला, खेळ चालू असतानाच, निलंबन उठलं, आणि त्यानंतर उतरलेल्या हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल यांच्या नावापुढे भारत लागलं.

फाईलमध्ये काय हवं

पहिलं म्हणजे नाव. आपली तीन पदरी नावाची पद्धत, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, परदेशी संगणकाला झेपत नाही. माझ्या भाचीच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव तिच्याच नावाला जोडून. नोंदणी एका कागदावरून केली, तिकीट दुसऱ्यावरून. शर्यतीच्या यादीत ती दोन वेगवेगळ्या मुली म्हणून दिसू लागली! शाळेतला कारकून म्हणाला, ‘आमच्याकडे असंच लिहितात.’ ते निस्तरण्यात तीन आठवडे गेले आणि एक स्पर्धा हुकली. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, सगळीकडे लिहा. नाव मुळातच बदलायचं असेल तर राजपत्रातली नोंद आधी, पासपोर्ट नंतर, खेळाची नोंदणी सर्वांत शेवटी.

दुसरं, व्हिसा. ऑलिंपिकला जायला व्हिसाची चिंता नसते (ते पुढे येतंच), पण तिथवर पोचवणाऱ्या शर्यतींसाठी असते. युरोपातल्या बहुतेक देशांसाठी मिळून असलेल्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया हे सगळे देश मिळून ते 90 दिवस मोजले जातात. नोव्हेंबरापासून ऑस्ट्रियात लांबलचक सराव शिबिर केलं की जानेवारीच्या ऐन महत्त्वाच्या शर्यतींना दिवस कमी पडतात. माँटेनेग्रो, बोस्निया, तुर्कस्तान शेंगेनबाहेर आहेत. तिथल्या शर्यतींचं वेळापत्रक म्हणूनच जवळ ठेवावं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बहुप्रवेशी व्हिसा मागा, आणि संघटनेचं पत्र, शर्यतीच्या आयोजकांचं निमंत्रण, 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला विमा आणि राहण्याची आरक्षणं जोडा. स्पर्धांचं कॅलेंडर जोडून एकेका शर्यतीवर खूण केली तर अधिकाऱ्याला समजायला सोपं जातं.

तिसरं, उत्तेजक चाचणी. सर्दी झाली म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेल्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असू शकतं, आणि स्पर्धेच्या काळात लघवीत ते मर्यादेपेक्षा जास्त सापडलं तर तो नियमभंग ठरतो. बर्फात राहून सर्दी होणारच, म्हणून चालतील अशी औषधं डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. दमा वगैरे असेल आणि बंदी असलेलं औषध टाळता येत नसेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज नाडाकडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे) किंवा आंतरराष्ट्रीय संघटनेकडे वेळेत जायला हवा. चाचणीच्या नोंदणीकृत यादीत नाव आलं की रोज कोणत्या 60 मिनिटांत कुठे सापडाल ते आधी कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चुकलात तर बंदी.

पैसे

गुण कमावेपर्यंतचा खर्च बहुतेकदा घरचाच. आरिफला ऑलिंपिकच्या खेळाडूंसाठीच्या सरकारी टॉप्स योजनेतून 17.46 लाख रुपये मंजूर झाले, पण तो पात्र ठरल्यानंतर, जानेवारी 2022 मध्ये. त्याआधी 2018 ची संधी पैशांअभावी हुकली होती. सरकारच्या खर्चाने जाणाऱ्या संघाला क्रीडा मंत्रालयाची मंजुरी लागते; 2025 च्या हार्बिन आशियाई हिवाळी खेळांसाठी मंत्रालयाने 59 खेळाडूंसह 88 जणांच्या पथकाला परवानगी दिली होती. ऑलिंपिकपेक्षा आशियाई खेळांचं दार रुंद आहे. माझं मत विचाराल तर पहिलं लक्ष्य तेच धरावं.

शेवटचे तीन आठवडे

पात्रता काळ खेळांच्या साधारण तीन आठवडे आधी संपतो. मग एफआयएस जागा वाटते, कुणी जागा परत केली तर ती पुढच्या देशाकडे सरकते, आणि आयओए होकार कळवते. तुमच्या हाती या काळात फोन चालू ठेवण्याखेरीज फारसं काही नसतं. मात्र ओळखपत्राच्या प्राथमिक यादीसाठी फोटो, पासपोर्टचा तपशील आणि कपड्यांची मापं कित्येक महिने आधी मागतात. पात्र ठरायची शक्यता असलेल्या सगळ्यांची नावं त्या यादीत जातात. ‘अजून कुठे पात्र ठरलोय’ म्हणून तो मेल बाजूला ठेवू नका. त्या यादीत नाव नसेल तर पुढे धावपळ होते.

निवड झाली की सहभागाच्या अटींच्या पत्रावर सही करायची. त्यात उत्तेजकविरोधी संहिता मान्य असल्याचं आणि वाद क्रीडा लवादाकडे नेण्याचं कबूल करावं लागतं. मग हातात येतं ते ऑलिंपिक ओळखपत्र. सनदेच्या 52 व्या नियमाने पासपोर्टसोबत हेच कार्ड यजमान देशात शिरायला पुरतं, खेळांच्या महिनाभर आधीपासून महिनाभर नंतरपर्यंत. भारतातून निघताना ते कच्चं असतं, तिथे पोचल्यावर पडताळणीच्या खिडकीवर चालू करून घ्यावं लागतं. म्हणून ते पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा. स्कीच्या बॅगेत घालून सामानात सोडलंत तर विमानाच्या दारातच अडवतील.