सर्वांत खालची तार

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात काटेरी तारेच्या कुंपणापाशी एक प्राणी थबकतो. नाव प्रॉन्गहॉर्न. दिसायला हरणासारखा, पण नातं जिराफाशी जवळचं! ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेगानं धावू शकणारा हा गडी कुंपणावरून उडी मात्र सहसा मारत नाही. त्याची उत्क्रांती झाली उघड्या माळावर. तिथे उडी मारून ओलांडण्यासारखं काही नव्हतंच. मग तो गुडघे टेकतो, मान खाली घालतो आणि सर्वांत खालच्या तारेखालून सरपटत पलीकडे निघतो. तार फार खाली असली, तर पाठीचे केस काट्यांना अडकून राहतात आणि कातडी सोलवटते. जाळीचं कुंपण असलं, तर वाटच बंद.

एवढा खटाटोप कशासाठी? उन्हाळ्यात ग्रँड टिटन राष्ट्रीय उद्यानात चारा भरपूर असतो. पण थंडीत तिथे इतका बर्फ साचतो, की या बारीक पायांच्या प्राण्याला तो उकरून खाणं जमत नाही. म्हणून कळप डोंगर ओलांडून ग्रीन नदीच्या खोऱ्यात उतरतात. एका वेळची वाट सुमारे २४० किलोमीटरची. वसंतात बर्फ वितळू लागला, की तीच वाट उलटी. ही वहिवाट किती जुनी असावी? याच वाटेवरच्या ट्रॅपर्स पॉइंट या चिंचोळ्या जागी उत्खननात प्रॉन्गहॉर्नची सुमारे ६,००० वर्षांपूर्वीची हाडं मिळाली. त्यांत माद्यांच्या पोटातल्या, वाढ पुरी होत आलेल्या पिल्लांचीही हाडं होती; म्हणजे शिकार वसंतातली. कळप तेव्हाही याच दिवसांत इथून जात होते.

इथे नकाशातली मेख लक्षात येते. ग्रँड टिटनच्या उत्तरेचं यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा त्याच्या हद्दी बऱ्याचशा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ काढल्या गेल्या. पश्चिम अमेरिकेत शेतीला नालायक ठरलेली उंच जमीन मोठ्या प्रमाणावर सरकारकडे राहिली आणि पाण्याकाठच्या सखल जमिनी बऱ्याच अंशी खासगी झाल्या. माणसानं सौंदर्य राखलं. जनावरांचं हिवाळ्याचं ताट मात्र राहिलं हद्दीबाहेर. शिखरांचं संरक्षण मला त्यातल्या त्यात सोपं वाटतं, कारण तिथे भांडायला फारसं कुणी नसतं.

२००८ साली ब्रिजर-टिटन राष्ट्रीय वनाच्या प्रशासनानं आपल्या हद्दीतल्या या वाटेला अधिकृत संरक्षण दिलं. पण हद्द संपली, की पुढे कुरणं, घरं, वायूच्या विहिरी आणि महामार्ग आहेच. २०१२ मध्ये ट्रॅपर्स पॉइंटजवळ महामार्गावर प्राण्यांसाठी दोन पूल आणि रस्त्याखालून सहा बोगदे पूर्ण झाले. म्यूल हरणांनी बहुतेक वेळा बोगदे पसंत केले. प्रॉन्गहॉर्नचा कल मात्र पुलांकडेच. तेही साहजिक आहे. शत्रू लांबून दिसावा म्हणून ज्याचे डोळे एवढे मोठे, तो अंधाऱ्या बोगद्यात कशाला शिरेल?

कुंपणांचा उपाय तर त्याहून स्वस्त आहे. सर्वांत खालची तार जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर वर घ्यायची आणि काटेरीऐवजी गुळगुळीत लावायची. प्रॉन्गहॉर्न खालून निघून जातो, गुरं आतच राहतात.