प्रार्थनाकीटकाची पहिली झडप

प्रार्थनाकीटकाच्या झुंजींचे व्हिडिओ इंटरनेटवर खोऱ्याने सापडतात. काचेच्या पेटीत एका बाजूने त्याला सोडायचं, दुसऱ्या बाजूने विंचू, गोम नाहीतर गांधीलमाशी, आणि कोण कोणाला खातं ते बघत बसायचं. माझ्या मते या झुंजींवरून फारसं काही कळत नाही. आपल्याकडे खंडोबाचा किडा म्हणतात तो हाच. पानाआड तासन्‌तास दबा धरायचा आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालायची, ही त्याची रीत. उघड्या पेटीत लपायला जागाच नसल्याने त्याचं निम्मं बळ आधीच गेलेलं असतं.

ती झडप मात्र जबरदस्त. काटेरी पुढचे पाय अडकित्त्यासारखे मिटतात आणि सगळा प्रकार सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकतो. त्यासाठी अंतराचा अंदाज अचूक हवा. तो दोन्ही डोळ्यांतल्या प्रतिमांच्या फरकावरून काढला जातो, हे सॅम्युअल रोसेल यांनी १९८३ मध्ये डोळ्यांपुढे लोलक लावून दाखवलं. पुढे इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात तर या कीटकांना मधमाश्यांच्या मेणाने चिमुकले थ्रीडी चष्मे चिकटवले. पडद्यावरचं चित्र जवळ तरंगतंय असा भास झाला, की ते हवेतच झडप घालायचे!

पण भक्ष्य हाती लागलं म्हणजे काम फत्ते झालं, असं नाही. प्रार्थनाकीटकाकडे विष नाही. धरायचं आणि जिवंतच कुरतडायला लागायचं, एवढंच. मधमाशी किंवा नाकतोडा असेल तर अडचण नसते. गांधीलमाशीवरची पकड जरा चुकली, तर तिची नांगी वळून पोहोचते. मोठ्या गोमेपुढे तर बहुधा निभाव लागत नाही. एकंदरीत आकार आणि पहिली पकड यांवरच बरंचसं ठरतं.

पकड पक्की असूनही हार कशी होते, हे जपानमधल्या शिंजी सुगिउरा यांच्या २०२१ च्या प्रयोगांत छान दिसतं. त्यांनी प्रार्थनाकीटकांच्या तीन जातींपुढे बाँबार्डियर भुंगेरे सोडले. हा भुंगेरा पोटाच्या टोकातून सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमानाची विषारी रसायनं फवारतो. सगळ्या प्रार्थनाकीटकांनी भुंगेरा सहज पकडला, फवारा बसताच सगळ्यांनी तो सोडून दिला, आणि मग जिथे जिथे चटका बसला होता ते अवयव साफ करत बसले. फवारा मारता येऊ नये अशी तजवीज केलेले भुंगेरे दिले, तेव्हा ते सगळेच्या सगळे फस्त झाले.

याहून धोकादायक शत्रू मागून येतो. फ्रान्सच्या दक्षिणेतले निसर्गनिरीक्षक झाँ आंरी फाब्र यांनी फक्त प्रार्थनाकीटकांचीच शिकार करणाऱ्या एका एकांड्या गांधीलमाशीचं वर्णन केलं आहे. ती त्याच्या पाठीमागे हवेत इकडून तिकडे झोके घेत राहते आणि संधी साधून एकदम पाठीवर उतरते. पहिला डंख पुढच्या पायांच्या बुंध्याशी, नेमका त्यांना हलवणाऱ्या मज्जाकेंद्रात. काटेरी पाय लुळे पडतात. त्यानंतर ती जरा मागे सरकून उरलेल्या पायांचा बंदोबस्त करते. भक्ष्य मरत नाही, फक्त हलू शकत नाही. तिच्या अळ्यांना ताजं अन्न मिळावं ही व्यवस्था. मान वळवून मागे बघू शकणाऱ्या मोजक्या कीटकांपैकी एकाची ही गत व्हावी, याची गंमत वाटते.

दुसरी एक परजीवी गांधीलमाशी इतकी बारीक असते की झडपेचा प्रश्नच येत नाही. मँटिबारिया नावाची ही माशी प्रार्थनाकीटकाच्या मादीच्या अंगावर मुक्काम ठोकते, स्वतःचे पंख गाळून टाकते आणि वाट पाहते. मादी फेसाळ वेष्टनात अंडी घालू लागली, की हीसुद्धा खाली उतरून त्याच अंड्यांमध्ये आपली अंडी घालते. फेस वाळून कडक व्हायच्या आतच तिचं काम उरकलेलं असतं.

अंड्यांतून वाचलेल्या पिल्लांपुढे मुंग्या असतात, कोळी असतात. काही जातींची कोवळी पिल्लं हुबेहूब मुंग्यांसारखी दिसतात. मुंग्यांच्या वाटेला सहसा न जाणारे शिकारी त्यांनाही टाळतात.

कोळ्यांशी मात्र आयुष्यभर फिरतं वैर. पिल्लू असताना कोळी त्याला खातो, मोठं झाल्यावर ते कोळ्याला खातं. पण पूर्ण वाढलेला प्रार्थनाकीटकही आर्जिओपी नावाच्या कोळ्याच्या मोठ्या मादीच्या जाळ्यात सापडला, तर सुटका अवघड असते. ही कोळीण आधी चावायला जवळ जात नाही. लांबूनच मागच्या पायांनी रेशमाचे पट्टे फेकून पुढचे पाय गुंडाळून टाकते आणि चावते त्यानंतर.

मोकळ्या रानात या वैराचा हिशेब वेगळाच निघतो. अमेरिकेत पडीक गवताळ जमिनीवर चिनी प्रार्थनाकीटक सोडून केलेला एक प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रार्थनाकीटक सोडलेल्या जमिनीच्या तुकड्यांतून जमिनीवर भटकणारे कोळी अधिक संख्येने बाहेर निघून गेले. खाल्ले गेलेले वेगळे. बाकीच्यांनी धोका ओळखून जागाच सोडली. आणि पानं खाणारे कीटक घटल्यामुळे तिथल्या झाडोऱ्याचं वजन मात्र वाढलं.