काँक्रीटपासून यकृतापर्यंत

नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, पोटाची तक्रार घेऊन कोणी आलं की डॉक्टर आधी त्याला आडवं करून बरगडीखाली चाचपतात. यकृत हाताला लागतं का, पानथरी (प्लीहा) वाढली का? विदर्भात सिकलसेल या रक्तविकाराचे रुग्ण बरेच, म्हणून पानथरी पाहणं इथे महत्त्वाचं. आयुर्वेदाच्या त्रिविध परीक्षेत, म्हणजे रुग्ण तपासण्याच्या तीन रीतींत, स्पर्शन आहेच. रोगाने ऊतींचा कडकपणा बदलतो, हे हाताला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

साध्या सोनोग्राफीला मात्र तो कडकपणा मोजता येत नाही. ध्वनिलहर मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १५४० मीटर जाते आणि ऊती कडक झाल्या तरी हा वेग फारसा बदलत नाही. १९९१ मध्ये ह्यूस्टनला जोनाथन ओफिर आणि सहकाऱ्यांनी वाट काढली. प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा सोनोग्राफीचा दांडा, किंचित दाबायचा आणि आधीचे-नंतरचे प्रतिध्वनी ताडून पाहायचे. कडक भाग कमी दबतो. हीच इलास्टोग्राफी. पुढे फ्रान्समध्ये हलका धक्का देऊन ऊतींना आडवं हलवत जाणाऱ्या लहरीचा वेग मोजणारी यंत्रं आली. ती लहर सेकंदाला १ मीटर गेली तर कडकपणा साधारण ३ किलोपास्कल, २ मीटर गेली तर १२.

या हिशेबात एक गृहीतक आहे: ऊती सगळ्या दिशांनी सारख्या, आणि दुप्पट जोर लावला की दुप्पट दबणाऱ्या. स्नायू तसा वागत नाही.

इथे स्थापत्य अभियंते येतात, आणि मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच १९९१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जमशीद गाबुसी आणि सहकाऱ्यांनी काँक्रीटचं वागणं सूत्रात न कोंबता न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी प्रणालीला, शिकवलं. १९९८ मध्ये त्यांनी पद्धत पुढे नेली. संगणकातल्या एका प्रतिकृतीवर मोजलेला जोर लावायचा, दुसरीवर मोजलेली हालचाल. पहिलीतून आतला ताण मिळतो, दुसरीतून आकारातला बदल. ही जोडी नेटवर्कला शिकवायची आणि दोन्ही प्रतिकृती जुळेपर्यंत फेऱ्या करायच्या. पदार्थाचा नियम आधी माहीत असण्याची गरजच उरत नाही. २०१७ मध्ये होरिग, गाबुसी आणि इन्साना यांनी हीच रीत अल्ट्रासाउंडने तपासलेल्या, ऊतींऐवजी वापरलेल्या जिलेटीनच्या नमुन्यांना लावली.

न्यूरल नेटवर्कने कडकपणा काढण्याची दुसरी शाखा २०१५ नंतरच्या प्रतिमा ओळखणाऱ्या नेटवर्कांची. प्रतिध्वनी द्या, कडकपणाचा नकाशा घ्या. ती वेगवान आहे, पण बहुतेकदा संगणकात बनवलेल्या नमुन्यांवर शिकलेली. कधी न पाहिलेली ऊती समोर आली तरी ती तितकाच नेटका रंगीत नकाशा काढते, म्हणून तिच्यावर माझा भरवसा कमी.

व्हीएनआयटी या नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थेत स्थापत्य विभाग आहे, मेडिकलमध्ये रुग्ण आहेत, आणि दोन्ही एकाच शहरात. जिलेटीनचा नमुना कुठल्याही प्रयोगशाळेत घडवता येतो. अडचण पुढे आहे: गाबुसींच्या पद्धतीला कच्चे, म्हणजे चित्र बनण्याआधीचे, प्रतिध्वनी आणि प्रोबवरचा जोर, दोन्ही लागतात. दवाखान्यातलं नेहमीचं यंत्र जोर मोजत नाही, आणि कच्चे प्रतिध्वनी सहसा बाहेर देत नाही.