फ्रेंडशिप बेंच

झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे २००६ साली सुरू झालेली मानसिक आधाराची पद्धत. दवाखान्याच्या आवारात ठेवलेले लाकडी बाकडे, त्यावर प्रशिक्षण घेतलेली वस्तीतलीच एक आजी आणि तिच्याशेजारी मन मोकळे करायला आलेली व्यक्ती, एवढाच तिचा सरंजाम. घर, रोजगार किंवा जिवाभावाचे माणूस गमावलेल्यांना, घरात मारहाण सोसणाऱ्यांना आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांना मानसोपचारतज्ज्ञ हाताशी नसताना आधार कसा देता येतो, याचे उदाहरण म्हणून ती ओळखली जाते.

मे २००५ मध्ये झिंबाब्वे सरकारने ‘मुरांबात्स्विना’ ही मोहीम हाती घेतली. शोना भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘घाण काढून टाका’ असा. घाण म्हणजे कोण, तर झोपड्यांत आणि परसातल्या वाढीव खोल्यांत राहणारी, रस्त्याकडेला भाजी-कपडे विकणारी माणसे. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूत ॲना तिबायजुका यांच्या अहवालानुसार सुमारे ७ लाख लोकांचे घर, पोटापाण्याचे साधन किंवा दोन्ही गेले. हरारेतील म्बारे ही जुनी कष्टकरी वस्तीही त्यात भरडली गेली. त्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्णाने जीव दिला. तपासणीला यायचे होते, पण बसभाड्याचे १५ डॉलर घरात नव्हते, असे तिच्या आईने त्यांना सांगितले. डॉक्टर शहरात बसणार आणि दुःख त्यांच्यापर्यंत चालत येणार, या व्यवस्थेतली खोट चिबांडांना तिथे दिसली. तेव्हा देशात मानसोपचारतज्ज्ञ होते जेमतेम डझनभर.

म्बारेच्या दवाखान्यात त्यांना खोली मिळाली नाही आणि परिचारिकाही मिळाल्या नाहीत. परिचारिकांना आधीच उसंत नव्हती. मिळाल्या त्या नगरपालिकेच्या आरोग्य खात्यासाठी वस्तीत फिरणाऱ्या १४ वयस्क बायका आणि बाहेरचे मोकळे आवार. बाकडे आले ते या अडचणीतून. सुरुवातीला त्याला ‘मानसिक आरोग्याचे बाकडे’ म्हणत, आणि त्यावर कोणी बसेना. चारचौघांत त्यावर बसणे म्हणजे आपण वेडे असल्याची कबुली देणे! नाव बदला, असे आज्यांनीच सुचवले आणि ते मैत्रीचे बाकडे झाले. ‘डिप्रेशन’सारखे शब्दही त्यांनी नाकारले. त्यांच्या मते लोकांना जे होत होते त्याचे नाव ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणे.

मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागू नये. ‘ती फार विचार करते हो, म्हणून झोप नाही’, असे आपल्याकडेही घरोघर बोलले जाते आणि तेवढ्यावरच सोडून दिले जाते. हरारेत मात्र या बोलीतल्या शब्दाला तपासणीत मानाची जागा मिळाली. बाकड्यावर येणाऱ्याला आधी १४ प्रश्न विचारतात, सगळे गेल्या आठवड्याविषयीचे: फार विचार केलात का, क्षुल्लक कारणावरून चिडलात का, वाईट स्वप्ने पडली का, पोट दुखले का, रडू आले का, काम मागे पडले का, जीव द्यावासा वाटला का. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. ही शोना प्रश्नावली १९९० च्या दशकात हरारेत तयार झाली आणि ती तयार करण्यात विक्रम पटेल हे भारतीय मानसोपचारतज्ज्ञ अग्रभागी होते. पुढे ते गोव्यात आले आणि १९९६ मध्ये ‘संगाथ’ संस्थेच्या स्थापनेत सहभागी झाले. बिगरडॉक्टर समुपदेशकांवर उभा असलेला गोव्यातील ‘मानस’ प्रयोग याच संस्थेचा.

नंतरच्या बैठकींना तीन पायऱ्या आहेत. पहिली ‘कुवुरा फुंग्वा’, मन उघडणे. पहिल्या भेटीला तासभरही लागतो आणि त्यात आजी बोलते कमी. समजा, एखादी विधवा आली आहे. भाडे थकले आहे, मोठा मुलगा शाळेत जात नाही, नवऱ्याचा मृत्यू राहून राहून डोळ्यांसमोर येतो. आजी यादीतल्या सगळ्या दुःखांना हात घालत नाही. यातले आधी कशाकडे पाहूया, असे ती तिलाच विचारते. ती म्हणाली ‘भाडे’, तर भाडे. घरमालकाशी कोण बोलेल, कधी, त्याने नाही म्हटले तर काय, हे बाईच्या तोंडून निघेपर्यंत आजी थांबते. खरी कसरत इथेच आहे, कारण वडीलधाऱ्या माणसाची जीभ सल्ला द्यायला शिवशिवत असते आणि ती आवरणे शिकवावे लागते. दुसरी पायरी ‘कुसिमुद्झिरा’ म्हणजे उचलून धरणे आणि तिसरी ‘कुसिंबिसा’ म्हणजे बळ देणे. अशा सहापर्यंत भेटी होतात. जीव देण्याच्या प्रश्नाला ‘हो’ आले, तर आजी ते स्वतःपाशी ठेवत नाही, वरच्या तज्ज्ञांना कळवते.

यानंतर येतो ‘कुबाताना तोसे’ हा गट. नावाचा अर्थ हातात हात धरणे. बाकड्यावरून उठलेल्या बायका एकत्र बसून टाकाऊ प्लास्टिकच्या पिशव्या विणतात आणि विकतात. हात कामात गुंतले की तोंडाला धीर येतो, हे गोधडीला टाके घालत बसलेल्या कोणालाही पटेल.

पद्धतीची कसोटी २०१४-१५ मध्ये हरारेच्या २४ दवाखान्यांत लागली. ५७३ जण सहभागी झाले. त्यात ८६ टक्के स्त्रिया, आणि ४० टक्क्यांहून अधिक जण एचआयव्हीबाधित. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ४९.९ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे होती, बाकड्याच्या गटात १३.७ टक्के. निष्कर्ष डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. मात्र हे आकडे जपून वापरावेत. आत्महत्येचा इरादा असलेल्यांना आणि तीव्र मनोविकाराच्या रुग्णांना या चाचणीत घेतले नव्हते, आणि मोजले गेले ते नैराश्य व चिंता. अत्याचाराच्या आठवणी वर्षानुवर्षे झोपू देत नाहीत अशांसाठी एकटे बाकडे पुरेल, असे या चाचणीवरून म्हणता येत नाही.

पुढे मलावी, झांझिबार आणि न्यूयॉर्क येथे या पद्धतीची रूपे उभी राहिली. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकावेळी जागतिक आरोग्य संघटनेने कतारमध्ये ३२ संघांच्या नावे ३२ बाकडी मांडली. त्यात प्रचार जास्त आणि म्बारे कमी होते. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचा प्रयोग झाला. तो या बाकड्याची शाखा नव्हे, पण गावातल्याच स्वयंसेवकाने शेजाऱ्याचे दुःख ऐकावे आणि गरज पडल्यास त्याला सरकारी दवाखान्यापर्यंत न्यावे, ही त्याची रीत याच वळणाची आहे.